दुसऱ्याच्या विज्ञानकथेतून किती घ्यावं?

डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. तिथल्या बखरीत विश्वासरावाला गोळी लागतच नाही, ती कानाजवळून निसटते. बखरीचं ते पान पंतांच्या खिशात राहतं, ते आपल्या जगात परततात आणि त्यांचा मित्र राजेंद्र त्यांना या सगळ्यामागचं विज्ञान समजावून सांगतो.

समजा, लातूरच्या किंवा जालन्याच्या एखाद्या पोराला ही कथा वाचून वाटलं, की आपणही असं काही लिहावं. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस उजाडलाच नसता तर? हैदराबाद संस्थान वेगळा देश म्हणून टिकलं असतं, मराठवाड्यात अजून निजामाचा हाली रुपया चालला असता, तुळजापूरहून सोलापूरला जायचं तर सरहद्दीवर कागद दाखवावे लागले असते. अशी कथा लिहायला नारळीकरांच्या वारसांची परवानगी लागेल का?

अजिबात लागणार नाही. ‘इतिहासाला वेगळं वळण लागलं असतं तर’ हा प्रश्न कुणाच्याही मालकीचा नाही. तो नारळीकरांच्या आधी अनेकांनी विचारला आणि पुढेही विचारला जाईल. इतिहासातल्या घटनाही मोकळ्याच. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली. ती इथेच राहिली असती तर काय झालं असतं, यावर दहा लेखकांनी दहा कथा लिहिल्या तरी कुणी कुणाचं काही घेतलं असं होत नाही.

पण त्याच पोराने असं लिहिलं तर? परभणीच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक, त्यांना अपघात, शुद्धीवर येतात ते निजामाच्या मराठवाड्यात. तिथल्या ग्रंथालयात त्यांना एक गॅझेटियर सापडतं, त्यातलं निर्णायक प्रसंगाचं पान खिशात राहतं, ते परत येतात आणि शेवटी त्यांचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र पानं भरून खुलासा करतो. आता नारळीकरांचं एकही वाक्य घेतलेलं नाही, गावं वेगळी, माणसं वेगळी, शतकही वेगळं. तरी ही कथा अडचणीत येऊ शकते, कारण घटनांची माळ जशीच्या तशी ओवलेली आहे.

या दोन कथांमधला फरक नीट कळला, तर कॉपीराइटचा निम्मा कायदा कळला.

भारतात यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तो कल्पनेला संरक्षण देत नाही, कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. यावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात दिला. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक होतं. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबं, त्यांची मुलं प्रेमात, आणि आडवा येणारा प्रांताभिमान. आनंद यांनी हे नाटक चित्रपट करणाऱ्यांना स्वतः ऐकवलं होतं. पुढे १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, त्यातही प्रांताभिमान आणि प्रेम. आनंद कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरले.

का हरले, हे लेखकाने समजून घ्यावं असं आहे. न्यायालय म्हणालं, की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक गोष्टी यांवर कॉपीराइट नसतो. एकाच कल्पनेवर दोघे लिहायला बसले तर काही साम्य येणारच. चित्रपटात प्रांताभिमानाबरोबर भाड्याने घर मिळवतानाचे हाल होते, हुंड्याचा प्रश्न होता. त्याचा पसारा नाटकापेक्षा मोठा आणि वेगळा होता. मग न्यायालयाने एक कसोटी घालून दिली, ती आजही वापरतात: दोन्ही कृती वाचलेल्या किंवा पाहिलेल्या सामान्य माणसाच्या मनावर ‘ही तिचीच नक्कल आहे’ असा स्पष्ट ठसा उमटतो का? कसोटी सामान्य वाचकाच्या मनाची आहे, ओळी मोजण्याची नाही.

याच्या शेजारी मुंबई उच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल ठेवून बघा. शमोईल अहमद यांची ‘सिंगारदान’ ही उर्दू कथा. दंगलीत एक माणूस वेश्येचं सिंगारदान, म्हणजे शृंगारपेटी, लुटून घरी आणतो, आणि ते घरात आल्यावर त्याच्या बायको-मुलींचं वागणं बदलू लागतं. याच नावाची वेब मालिका निघाली. बनवणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही फक्त कल्पना घेतली. न्यायालयाने ते मानलं नाही. निव्वळ विषय एवढ्यावर थांबलेलं हे साम्य नाही, त्या विषयाला लेखकाने प्रसंगांतून जो आकार दिला तोच उचललेला दिसतो, म्हणून प्रथमदर्शनी उल्लंघन आहे, असं मत न्यायमूर्तींनी नोंदवलं. मराठवाडा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, तेव्हा आपल्या लेखकांनी हा निकाल आनंद खटल्याइतकाच लक्षात ठेवायला हवा.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र उभं राहतं. वर ‘एका वस्तूमुळे घर बदलतं’ एवढी ढोबळ कल्पना, खाली कथेतला शब्द न् शब्द. कल्पना सगळ्यांची, शब्द लेखकाचे. मध्ये कुठेतरी हद्द आहे, पण तिथे सरकारी मोजणीचा दगड रोवलेला नाही. शेतात बांध कोरणारा शेजारी एका वर्षात नांगराचं एकच तास सरकतो, कुणाला कळतही नाही. कथेतही एक प्रसंग घेतला, मग दुसरा, मग त्या प्रसंगांचा क्रम, असं करत माणूस कधी पलीकडच्या वावरात पोचतो ते त्याचं त्याला समजत नाही. म्हणून लिहून झाल्यावर दोन्ही कथांचे प्रसंग ओळीने कागदावर मांडून बघावेत. क्रमाने जुळणारे प्रसंग तीन-चारच्या पुढे गेले, तर मी तरी ती कथा पुन्हा लिहायला सांगेन. हा आकडा कायद्यातला नाही, माझा आहे.

विज्ञानकथेत काही गोष्टी जुळतातच, त्यांची भीती बाळगू नये. अंतराळयान म्हटलं की उलटी गणती येणार, हवाबंद दार येणार, पृथ्वीशी तुटलेला संपर्क येणार. कालप्रवास म्हटला की आपल्याच पूर्वजाला भेटण्याचा पेच येणार. हा त्या प्रकारच्या कथेचा नेहमीचा शिधा आहे आणि तो कुणा एकाचा नसतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घात करणारा समज वेगळाच आहे: ‘मराठीत आणलं म्हणजे आपलं झालं.’ इंग्रजी कथा घ्यायची, न्यूयॉर्कचं नांदेड करायचं, जॉनचा ज्ञानेश्वर करायचा, खाली ‘स्वैर रूपांतर’ लिहायचं आणि दिवाळी अंकाला पाठवायची. कायद्याने मूळ लेखकाला छापण्याचा हक्क जसा दिला आहे, तसाच अनुवादाचा आणि रूपांतराचाही दिला आहे. ज्या कथेवर हक्क शाबूत आहे तिचं मराठी रूपांतर परवानगीशिवाय छापणं हे उल्लंघनच, ते कितीही सुंदर उतरलेलं असो. ‘साभार’ किंवा ‘एका इंग्रजी कथेवर आधारित’ असं छापल्याने परवानगी मिळत नाही, उलट घेतल्याची लेखी कबुली तेवढी दिली जाते. पैसे मिळाले नाहीत म्हणूनही सुटका होत नाही. आणि ‘दहा टक्के घेतलं तर चालतं’ असं जे सांगितलं जातं, तसा कुठलाही सरसकट आकडा कायद्यात नाही. समीक्षेसाठी, परीक्षणासाठी, स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त प्रमाणात उतारा घेता येतो. नवी कथा उभी करण्यासाठी ती सूट नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कथेपायी तुरुंगात जाण्याची वेळ सहसा येत नाही, पण नोटीस आली की प्रकाशक आधी लेखकाकडे बोट दाखवतो.

मग कुणाचं मोकळेपणाने घेता येतं? यासाठी लेखक कधी वारला ते बघायचं. भारतात लेखकाच्या मृत्यूचं वर्ष संपल्यावर पुढची ६० वर्षे कॉपीराइट राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांचं साहित्य खुलं व्हायची वेळ आली तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली.

हा हिशेब विज्ञानकथेला लावून बघू. एच. जी. वेल्स १९४६ मध्ये गेले. त्यांचं कालयंत्र, अदृश्य माणूस, मंगळावरून आलेले आक्रमक हे सगळं भारतात १ जानेवारी २००७ पासून खुलं आहे. त्यांची मंगळावरची यंत्रं तुम्ही बिनधास्त बीडच्या बिंदुसरेच्या काठावर उतरवा, वाक्यं अनुवादून घ्या, कुणी अडवणार नाही. ज्यूल व्हर्न १९०५ मध्ये गेले, तेही खुले. मात्र व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोचवला तो भा. रा. भागवतांनी, आणि ते २००१ मध्ये गेले. म्हणजे व्हर्नचं मूळ पुस्तक सगळ्यांचं, पण भागवतांच्या मराठी वाक्यांवरचा हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत चालणार. व्हर्नवरून लिहायचं तर फ्रेंचमधून घ्या, जुन्या इंग्रजी अनुवादातून घ्या, भागवतांचा अनुवाद समोर ठेवून वाक्यं फिरवू नका. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या कथा २०८५ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

एका कृतीवर असे अनेक थर असतात, हे पटकन ध्यानात येत नाही. मेरी शेलीची १८१८ ची ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी केव्हाच खुली झाली आहे. पण सपाट डोक्याचा, मानेत खिळे ठोकलेला तो राक्षस कादंबरीत नाहीच. ते रूप १९३१ च्या हॉलिवूड चित्रपटाने दिलं आणि तो काढणारा स्टुडिओ ते आजही जपतो. कादंबरीतला जीव चपळ आहे, वाचतो, विचार करतो, वाद घालतो. घ्यायचं तर त्या मूळ जिवाकडून घ्यावं, आणि माझ्या मते कथेलाही तोच जास्त कामाचा आहे. चित्रपट पाहून ‘हे जुनं आहे, खुलं असेल’ असं धरून चालू नये; मूळ पुस्तक उघडून आपल्याला हवी ती गोष्ट खरंच त्यात आहे का ते तपासावं.

ऑनलाइन लिहिणाऱ्याने आणखी एक जपावं. मुदत देशागणिक वेगळी असते. जॉर्ज ऑर्वेल १९५० मध्ये गेले. त्यांची ‘१९८४’ ही कादंबरी भारतात २०११ पासून खुली आहे, ब्रिटनमध्ये २०२१ पासून, पण अमेरिकेत जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात, त्यामुळे तिथे ती २०४५ उजाडेपर्यंत खुली होत नाही. नांदेडमध्ये बसून केलेलं मराठी रूपांतर भारतात विकायला हरकत नाही. तेच ई-बुक अमेरिकेतल्या दुकानात चढवलं की प्रश्न उभा राहतो.

आता ज्याच्यावर हक्क शाबूत आहे अशा लेखकाकडून शिकायचं कसं, ते एक उदाहरण धरून बघू. आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४२ च्या एका कथेत यंत्रमानवाचे तीन नियम मांडले. माणसाला इजा करू नये, माणसाचं ऐकावं, स्वतःला जपावं, आणि वरचा नियम खालच्याला भारी. ते १९९२ मध्ये गेले, म्हणजे भारतात त्यांचं लेखन २०५२ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. मराठीत यंत्रमानव आला की हे तीन नियम जवळजवळ ठरल्यासारखे येतात, आणि ते शब्दशः भाषांतर करून कथेचा पाया म्हणून वापरले जातात. पात्राने बोलता बोलता ‘असिमॉव्हचे नियम’ असा उल्लेख केला तर काही बिघडत नाही. पण तेच नियम, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, आणि त्यांतून त्याच जातीचे पेच, असं करत गेलं की आपण त्यांच्या घरात राहायला गेलेलो असतो.

असिमॉव्हकडे घेण्यासारखी जी मोठी गोष्ट आहे ती त्या शब्दांच्या मागे आहे: यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, तर नियम तंतोतंत पाळल्यामुळे संकट येतं. ही कल्पना मोकळी आहे. ती घ्या आणि आपल्या मातीत विचारा, इथे माणसाला नियम घालून देणारी व्यवस्था कोणती?

मराठवाड्यात उत्तर लगेच सापडतं. सालगडी. पाडव्याला साल ठरतं. रोख किती, उचल किती, ज्वारी-गहू किती पायल्या, कपडे, चप्पल, सणाला सुट्टी. बऱ्याचदा कागद नसतो, चार माणसांसमोर शब्द असतो. आता अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीवाल्याने पाडव्याला यंत्र सालगडी आणला असं धरा. कंपनीने त्याच्यात तीन विश्वव्यापी नियम भरलेले नाहीत. मालकाने तोंडी सांगितलेलं साल तेवढं त्याच्या स्मरणात आहे: सांगितलेलं काम टाळायचं नाही, रात्री लाइट आली की मोटर चालू करायची, गोठ्यातलं जनावर तहानलेलं ठेवायचं नाही, साल संपेपर्यंत वावर सोडायचं नाही. वैशाखात बोअर आटतो. मालक जालन्याहून फोनवर सांगतो, आजचं पाणी मोसंबीला सोड, झाडं वाळली तर दहा वर्षांची मेहनत गेली. गोठ्यात बैल दाव्याला हिसके देत असतात. रात्री लाइट येते, मोटर चालू होते, हौदात गुडघाभर पाणी पडतं, आणि यंत्र कॉकवर हात ठेवून उभं राहतं. एक वचन डावीकडे फिरव म्हणतं, एक उजवीकडे. पाडव्याला ज्याचं साल या यंत्रामुळे मोडलं तो जुना गडी पहाटे रस्त्याने चाललेला असतो. बैलांचा आवाज ऐकून तो बांध ओलांडून आत येतो आणि कॉकवरच्या त्या लोखंडी हाताकडे बघत राहतो.

इथून पुढे कथा कुठेही जाऊ शकते, ते लिहिणाऱ्याने ठरवावं. सांगायचं एवढंच, की यात असिमॉव्हचं वाक्य नाही, नियम नाहीत, त्यांची यंत्रमानवांची मानसशास्त्रज्ञ सुसान कॅल्विन नाही, प्रसंग नाही. त्यांच्याकडून घेतलेला विचार मात्र कणाकणात आहे. आनंद खटल्याची कसोटी लावा. दोन्ही वाचलेला माणूस ‘नक्कल’ म्हणणार नाही. फार तर ‘यांनी असिमॉव्ह वाचलाय’ म्हणेल, आणि ते म्हटलेलं चांगलंच. आपल्या भागाचा तपशील कायद्यासाठी मुद्दाम पेरावा लागत नाही. साल, उचल, रात्रीची लाइट हे सगळं कथेच्या पेचातच शिरलं, की मूळ लेखकाची मांडणी आपोआप मागे राहते. नुसती गावाची आणि माणसांची नावं बदलल्याने हे घडत नाही. पेच बदलावा लागतो.

पात्रांबद्दल थोडं. ठसठशीत रेखाटलेल्या पात्राला स्वतंत्र संरक्षण मिळू शकतं. नागराज या हिंदी कॉमिक्समधल्या नायकासारखा, हिरव्या अंगाचा आणि सापांच्या शक्ती असलेला ‘नागेश’ दुसऱ्या प्रकाशकाने काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. नाव फिरवून भागलं नाही, कारण रूप, शक्ती आणि नावाचा अर्थ सगळंच जुळत होतं. ‘सापांशी बोलणारा माणूस’ ही कल्पना मात्र कुणीही घ्यावी.

शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉइज’ प्रकरणात स्पष्ट केलं. सुटे शब्दही तसेच मोकळे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला आणि आज तो सगळ्यांचा आहे. पण ट्रेडमार्क हा वेगळा कायदा आहे. यंत्रमानवासाठीचं ‘ड्रॉइड’ हे नाव ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्मने नोंदवून ठेवलेलं आहे, म्हणून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते मिरवू नये.

एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी कायद्यात एक खिडकी आहे. संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग, आणि प्रेक्षक म्हणून फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक, असं असेल तर लेखकाच्या परवानगीशिवाय तो करता येतो. हौशी मंडळाने बिनतिकिटाच्या प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगालाही सूट आहे. पण त्याच प्रयोगाचं चित्रीकरण ऑनलाइन चढवणं या सुटीत बसत नाही, आणि तिकीट लावलेला प्रयोगही नाही. स्पर्धेत उतरायचं तर लेखकाचं पत्र घेऊनच उतरावं. आयोजकही ते मागतात.

परवानगी मागणं वाटतं तेवढं अवघड नसतं, आणि मला वाटतं आपली मुलं उगीच बिचकतात. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रकाशक आणि हक्क कुणाकडे आहेत ते छापलेलं असतं. साधं पत्र लिहावं: कोणती कथा, मराठीत अनुवाद की नाट्यरूपांतर, किती प्रती किंवा प्रयोग, मोबदला किती देऊ शकता. मराठी लेखकांचे वारस अनेकदा नाममात्र मानधनावर आनंदाने हो म्हणतात. जे ठरेल ते लेखी आणि सहीनिशी घ्यावं, त्यात मुदत आणि प्रदेश लिहावा. तो लिहिला नाही तर कायदा स्वतःच धरून चालतो, की मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत.

ज्याला परवानगीच्या वाटेला जायचंच नाही, त्याच्यासाठी आपल्या दाराशी मोठा खजिना पडून आहे. गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडलेली आहे. मूळ ग्रंथ हरवला, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तो संस्कृतात पुन्हा सांगितला, तोच कथासरित्सागर. त्यात एक नगर आहे. राजपुत्र नरवाहनदत्त तिथे शिरतो तर बाजारपेठेत व्यापारी, बायका, नागरिक, सगळे लाकडाचे! हलतात, फिरतात, जिवंत वाटतात; बोलत नाहीत म्हणूनच ओळखू येतात. राज्यधर नावाच्या सुताराने ते घडवलेले असतात आणि त्या नगरात बोलणारा माणूस तो एकटाच. यंत्रमानवांचं अख्खं शहर आणि त्यात एकटा राहिलेला कारागीर, हे सगळं हजार वर्षांपूर्वीचं, आणि कुणाच्याही परवानगीविना आपलं. आजच्या काळातला छापील अनुवाद वापरताना मात्र भागवतांबद्दल सांगितलेली काळजी इथेही घ्यावी.

विज्ञानही असंच मोकळं आहे. वस्तुस्थितीवर कुणाचा हक्क नसतो, फक्त ती सांगणाऱ्या वाक्यांवर असतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसरचा झोत, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान फरक मोजण्याची ताकद. शेजारच्या रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टरही अशा यंत्राला हादरा देतो, तो गाळून काढावा लागतो. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ज्या प्रदेशाने सोसला, तिथे जमिनीची इतकी बारीक नाडी धरणारं यंत्र येतंय. यावर मराठवाड्याच्या लेखकाने लिहायला कुठल्या परदेशी कथेचा आधार लागावा, असं मला वाटत नाही.

हा कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूनेही तितकाच उभा आहे. तुमची कथा कागदावर किंवा फाइलमध्ये उतरली त्या क्षणी तिच्यावर तुमचा कॉपीराइट लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी करायची नसेल तर मसुदे तारखेसकट जपून ठेवा, संपादकाला पाठवलेला ईमेल पुसू नका. उद्या कुणी तुमचा यंत्र सालगडी उचलून त्यावर वेब मालिका काढली, तर दावा लावायला मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागत नाही. या कायद्यात फिर्यादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करण्याची खास सोय आहे. जालन्याचा लेखक जालन्याच्याच जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो.